दिवाळीची जोडकमाई

दिवाळीचा खर्च निघावा म्हणून अनेक घरांत चकली-करंजीच्या ऑर्डरी घेतात. ही कमाई घरखर्चात मिसळू नये, असं माझं ठाम मत आहे. 2017 चे नोबेल मानकरी रिचर्ड थेलर यांनी दाखवलं, की माणूस मनात पैशांचे कप्पे करतो आणि वरकमाई मानलेल्या पैशाच्या बाबतीत हात सैल सोडतो. सणाच्या नावाने बाजूला काढलेल्या पैशाला निदान बांध राहतो. कोणी म्हणेल, रुपया शेवटी रुपयाच, मग कप्पे कशाला? क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल, तर हा आक्षेप अगदी खरा. आधी ती फेडावी. एरवी मात्र कप्पा उपयोगीच. पण कमाई मोजताना तेल, गॅस वजा करतो तसे बाईच्या श्रमाचे तासही वजा करायला हवेत. ते फुकट धरणं अन्यायाचं आहे. फराळ विकत घेताना कृपया घासाघीस करू नका.