पॅन तुमचा, धंदा दुसऱ्याचा

जून 2023 मध्ये नोएडा पोलिसांनी बनावट कंपन्या काढणारी एक टोळी पकडली. तपासाला निमित्त झाली एका पत्रकाराची तक्रार. त्याच्या पॅनवर पंजाब आणि महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी असलेल्या कंपन्या उभ्या होत्या आणि त्याला त्याची गंधवार्ताही नव्हती. धागा ओढत गेल्यावर पोलिसांच्या हाती 2,660 बनावट कंपन्या लागल्या. सहा लाखांहून अधिक लोकांच्या पॅनची माहितीही टोळीकडे सापडली.

ओळखचोरी म्हटलं की आपण आधी बँकेचं खातं तपासतो. पैसे जागच्या जागी असले की हुश्श करतो. करांच्या बाबतीत मात्र ही चोरी उलटी चालते. इथे चोर तुमच्याकडून काही नेत नाही, तर आपली उलाढाल, आपलं घरभाडं, आपलं कर्ज तुमच्या नावावर टाकून जातो. पासबुकात त्यातलं काहीच उमटत नाही. दोन-तीन वर्षांनी नोटीस येते तेव्हाच त्याचा पत्ता लागतो. या विषयातले बहुतेक गैरसमज या उलट्या चालीमुळेच झाले आहेत.

“माझं उत्पन्नच करपात्र नाही, माझा पॅन घेऊन कोण काय करणार?”

सर्वांत घातक समज हाच. बोगस बिलांच्या धंद्याला नेमका असाच माणूस हवा असतो. पॅन आहे, पण रिटर्न भरत नाही, पोर्टल उघडत नाही, ईमेल बघत नाही. मजूर, गृहिणी, कॉलेजातली मुलं, पेन्शनवरचे आजोबा हे सगळे त्यात आले.

धंदा चालतो तो असा. कुणाच्या तरी पॅन-आधारवर, भाडेकरार किंवा वीजबिलाची खोटी प्रत जोडून जीएसटी नोंदणी घेतली जाते. कंपनी माल विकत घेत नाही की विकत नाही. फक्त बिलं फाडते. ती बिलं घेणारा व्यापारी त्यावरचा इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, वापरून आपला कर वाचवतो. काही महिन्यांत कंपनी गायब होते आणि कर बुडाल्याचं लक्षात येईपर्यंत कागदावर एकच माणूस उरतो, तो म्हणजे पॅनचा धनी. 16 मे ते 15 जुलै 2023 या दोन महिन्यांत केंद्र आणि राज्यांच्या जीएसटी यंत्रणांनी देशभर झडती घेतली. तेव्हा 21,791 नोंदण्यांच्या पत्त्यावर कुणीच सापडलं नाही. त्यातून झालेल्या संशयित करचोरीचा आकडा 24,010 कोटी रुपये होता.

“पण आधारचा ओटीपी तर माझ्याच मोबाइलवर येणार ना?” असं कुणी विचारेल. त्याच वर्षी गुजरातमधल्या पालिताण्यात जे उघडकीला आलं, ते याचं उत्तर आहे. सरकारी योजनेचे पैसे मिळवून देतो म्हणून गरीब माणसांना आधार केंद्रावर नेलं गेलं. तिथे त्यांचा अंगठा घेऊन आधारला जोडलेला मोबाइल क्रमांकच बदलण्यात आला. त्यानंतरचा प्रत्येक ओटीपी टोळीच्या फोनवर. म्हणूनच पुढे जीएसटी नोंदणीसाठी काही अर्जदारांना प्रत्यक्ष केंद्रावर येऊन बायोमेट्रिक ओळख पटवणं भाग पडू लागलं. गुजरातपासून सुरू झालेली ही पद्धत देशभर नेण्याचं जीएसटी कौन्सिलने जून 2024 मध्ये जाहीर केलं.

आपल्या पॅनवर कुणी दुकान मांडलं आहे का, हे बघायला सीए लागत नाही. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगइन न करता ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये ‘सर्च बाय पॅन’ निवडायचं आणि दहा अक्षरं टाकायची. त्या पॅनवरच्या देशभरातल्या नोंदण्या राज्यांसह समोर येतात. नोकरदार माणसाला तिथे काहीच दिसायला नको. अनोळखी नोंदणी दिसलीच, तर पॅनच्या गैरवापराची तक्रार त्याच पोर्टलवर करता येते आणि ती संबंधित क्षेत्राच्या अधिकाऱ्याकडे जाते.

“पॅन कुणाला सांगितला नाही की झालं”

पॅन गुप्त राहतच नाही. दुकानाच्या पाटीवर किंवा हॉटेलच्या बिलावर जो पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक छापलेला असतो, तो नीट बघा. पहिले दोन अंक राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राला 27 आणि गोव्याला 30. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन, जसाच्या तसा. आपल्याकडे खरेदीखताच्या सूची क्रमांक दोनवरही खरेदीदार-विक्रेत्यांचे पॅन वर्षानुवर्षं छापले गेले आहेत. शिवाय पॅनच्या रचनेतच दोन अक्षरं उघडी असतात. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर नेहमी ‘पी’ आणि पाचवं आडनावाचं पहिलं.

मार्च 2023 मध्ये दिल्ली पोलिसांनी उघड केलेलं प्रकरण याच वाटेने गेलं होतं. आरोपींनी सिनेतारे आणि क्रिकेटपटूंचे जीएसटी क्रमांक इंटरनेटवरून उचलले, त्यातून पॅन काढला आणि जन्मतारखाही तिथूनच घेतल्या. मग पॅन-आधारवर स्वतःचे फोटो चिकटवून पुण्यातल्या एका फिनटेक कंपनीकडून क्रेडिट कार्डं मिळवली. कंपनीला शंका येईपर्यंत त्या कार्डांवर 21 लाखांहून अधिक रुपयांची खरेदी झाली होती. ज्यांची नावं वापरली गेली, त्यांनी पॅन कुणालाही सांगितला नव्हता.

तेव्हा लपवायचा तो ओटीपी आणि पासवर्ड. पॅनवर नजर ठेवायची. झेरॉक्स देताना मात्र हात आखडलेलाच बरा. हॉटेल, सिमकार्डवाला, जिम, सोसायटीचं गेट अशा प्रत्येक ठिकाणी आपण आधारची पूर्ण प्रत ठेवून येतो. मास्क्ड आधारवर शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. मे 2022 मध्ये यूआयडीएआयच्या बेंगळुरू कार्यालयाने हाच सल्ला लोकांना दिला होता. त्याचा गैरअर्थ काढला जाईल म्हणून केंद्र सरकारने दोन दिवसांत तो मागे घेतला. मागे घेतला असला तरी सल्ला शहाणपणाचा होता, असं माझं मत आहे. पॅनची प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहावं, कशासाठी, कुणाला आणि कोणत्या तारखेला दिली ते. कोऱ्या मार्जिनमध्ये नाही, छापील अक्षरांवरून.

“आमचे कन्सल्टंट सगळं बघतात”

बघत असतील, पण पोर्टलवर मोबाइल क्रमांक कुणाचा आहे? आयकराच्या ई-फायलिंग पोर्टलवर प्रोफाइल उघडून ‘काँटॅक्ट डिटेल्स’ बघा. असंख्य करदात्यांच्या खात्यात तिथे सल्लागाराचा नाहीतर त्याच्या ऑफिसातल्या पोराचा क्रमांक असतो. म्हणजे विभागाचं पत्र, ओटीपी, नोटीस सगळं तिकडे. माणूस सज्जन असला तरी तो उद्या ऑफिस बंद करील, नंबर बदलील, आणि तुमची नोटीस न वाचताच पडून राहील.

आणि प्रत्येक जण सज्जन नसतो. 14 जुलै 2025 रोजी आयकर विभागाने महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून 150 ठिकाणी तपासणी सुरू केली. जास्त रिफंडचं आमिष दाखवून खोट्या वजावटींची रिटर्न भरणारे दलाल त्यात होते. विभागाने नोंदवलेली त्यांची एक युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ढिगाने रिटर्न भरण्यापुरते तात्पुरते ईमेल पत्ते काढायचे आणि काम झालं की सोडून द्यायचे. नोटिसा त्या बेवारस पत्त्यांवर जात राहिल्या आणि करदात्याला काहीच कळलं नाही. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी सुधारित विवरणं भरून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचंही विभागाने तेव्हा सांगितलं. यातले सगळे अजाण नव्हते हे उघड आहे. पण रिटर्न तुमच्या नावाचं असेल, तर जबाब तुम्हालाच द्यावा लागतो.

म्हणून पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच हवा. सल्लागाराचा क्रमांक पर्यायी म्हणून ठेवता येतो. प्रोफाइलमध्येच ‘ई-फायलिंग व्हॉल्ट’ नावाची सोय आहे. ती चालू केली की नुसत्या पासवर्डवर खातं उघडत नाही. आधार ओटीपी, नेट बँकिंग किंवा डिजिटल सहीची जोड लागते. फार थोडे लोक ती वापरतात. ज्यांनी पोर्टलवर नोंदणीच केलेली नाही, त्यांनी ती आजच करावी. नोंदणीला पॅन, नाव, जन्मतारीख लागते आणि मोबाइल-ईमेल तो, जो नोंदणी करणारा देईल. आपली जागा आपण आधी धरलेली बरी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून ऐकलेली एक भीतीही अनेकांना असते की कुणीतरी आपल्या नावाने रिटर्न भरून रिफंड पळवेल. तिथे ती खरी आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक चोरून हंगामाच्या सुरुवातीलाच खोटं रिटर्न भरायचं आणि रिफंड आपल्या खात्यात वळवायचा, हा तिथला जुना प्रकार. त्यावर उपाय म्हणून तिथलं कर खातं सहा आकडी ओळख-संरक्षण पिन देतं आणि 2021 पासून तो कुणालाही मागता येतो. न्यू जर्सी-टेक्सासातल्या मराठी मंडळींनी तो घ्यावाच. आपल्याकडे रिफंड फक्त आधी पडताळलेल्या, पॅनशी जोडलेल्या बँक खात्यातच जातो आणि रिटर्नची ई-पडताळणीही करावी लागते. त्यामुळे ती वाट अरुंद आहे. पण वाटा दुसऱ्या आहेतच. वर्षाला एक लाखापेक्षा जास्त घरभाड्याची सूट घ्यायची तर घरमालकाचा पॅन द्यावा लागतो. त्यासाठी काही नोकरदारांनी भलत्याच लोकांचे पॅन लिहिल्याचं आयकर विभागाला 2024 मध्ये आढळलं. कधीही न घेतलेल्या भाड्याचा हिशेब त्या पॅनधारकांना विचारला गेला.

“सरकारी चिन्ह आहे, म्हणजे मेल खरंच असेल”

राजमुद्रा कुणालाही चिकटवता येते. 15,490 रुपयांचा रिफंड मंजूर झाल्याचा संदेश 2023 मध्ये घरोघरी फिरला होता. तो खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबीने जाहीर केलं, तरी तशाच साच्याचे संदेश अजूनही येतात. आयकर विभाग ईमेल किंवा एसएमएसवरून पिन, पासवर्ड, कार्डाचा तपशील मागत नाही. 1 ऑक्टोबर 2019 पासून विभागाच्या नोटिशीवर डिन हा दस्तऐवज क्रमांक असतो आणि लॉगइन न करताही तो ई-फायलिंग पोर्टलवर पडताळता येतो. मेलमधल्या दुव्याला हात न लावता पोर्टलचा पत्ता स्वतः टाईप करायचा, एवढंच. मात्र पडताळणीत नोटीस खरी ठरली, तर ती फेकून देऊ नका. “हा धंदा माझा नाही” हे मुदतीत, लेखी सांगितलं नाही, तर अधिकारी एकतर्फी आकारणी करू शकतो.

पॅनचा गैरवापर झाला म्हणून नवा पॅन काढता येत नाही. पॅन जन्मभराचा एकच असतो आणि दुसरा बाळगला तर दहा हजार रुपये दंड होतो. निस्तरायचं ते आहे त्याच पॅनवर.

निस्तरायची सुरुवात वार्षिक माहिती विवरणापासून, म्हणजे एआयएसपासून करावी. नोव्हेंबर 2021 मध्ये आलेल्या या विवरणात तुमच्या पॅनवर नोंदलेलं व्याज, लाभांश, शेअर-म्युच्युअल फंडांचे व्यवहार, मालमत्ता, मोठ्या रोख ठेवी, जीएसटीची उलाढाल असं बरंच काही एका जागी दिसतं. बहुतेक लोक त्यातला टीडीएसचा आकडा बघतात आणि बंद करतात. खालच्या ओळीही उघडा. प्रत्येक नोंदीसमोर अभिप्रायाचा पर्याय असतो. ‘ही माहिती दुसऱ्या पॅनची आहे’ किंवा ‘माहिती नाकारतो’ असं तिथे नोंदवता येतं. मग ती माहिती देणाऱ्या बँकेला किंवा संस्थेला विचारणा होते आणि तिने काय उत्तर दिलं हेही मे 2024 पासून विवरणात दाखवलं जाऊ लागलं आहे. तुम्ही नाकारल्याची तारीखवार नोंद राहते आणि पुढे नोटीस आलीच तर ती फार कामाची ठरते.

कर्जाची चोरी एआयएसमध्ये दिसत नाही, ती क्रेडिट अहवालात दिसते. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. न घेतलेलं कर्ज दिसलं तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. सोबत सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर किंवा 1930 या क्रमांकावर तक्रार हवीच. दुसऱ्याची ओळख, पासवर्ड किंवा डिजिटल सही लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. पोलीस ठाण्यात “पैसे गेले का?” असं विचारतील. गेले नाहीत म्हणून परत फिरू नका. तक्रारीची पोच हाच तुमचा पुढचा पुरावा.

जुलैच्या घाईत तुम्ही स्वतःचं एआयएस उघडालच. त्याच बैठकीत घरातल्या त्या माणसाचंही उघडा, ज्याच्याकडे पॅन आहे पण जो रिटर्न भरत नाही. आई असेल, कॉलेजात जाणारी मुलगी असेल, गावाकडचा काका असेल. त्यांच्या पॅनकडे आजवर कुणीच पाहिलेलं नसतं.