मीडिया प्लेअर आणि घरचा एचडी पडदा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मीडिया प्लेअर म्हणजे तळहाताएवढा डबा. पेन ड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवरची व्हिडिओ फाइल तो वाचतो, उलगडतो आणि एचडीएमआय केबलने टीव्हीकडे पाठवतो. २००८च्या सुमारास वेस्टर्न डिजिटलच्या ‘डब्ल्यूडी टीव्ही’सारखे डबे बाजारात आले, तेव्हा डीव्हीडीची सद्दी होती. पुढे स्मार्ट टीव्ही आणि ओटीटी आले आणि हा डबा शहरी घरांतून मागे पडला. जिथे नेटवर्क डोंगरामागे लपते आणि वीज पावसावर अवलंबून असते, तिथे मात्र त्याचे काम संपलेले नाही. पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके असे आहेत. दाभोसा हे जव्हार तालुक्यातले, लेंडी नदीवरच्या धबधब्यासाठी ओळखले जाणारे गाव. अशा ठिकाणी घरबसल्या उत्तम चित्र पाहायचे, तर या डब्याविषयीचे काही समज आधी तपासून घ्यावे लागतात.

सर्वांत पक्का समज असा, की एचडी पाहायचे म्हणजे इंटरनेट हवेच. एचडी हा चित्राच्या बारकाव्याचा दर्जा आहे, ते कोणत्या वाटेने घरात येते याच्याशी त्याचा संबंध नाही. फुल एचडी चित्रपट नेटवरून पाहताना सेकंदाला साधारण ५ मेगाबिट माहिती लागते, म्हणजे दोन तासांना साडेचार जीबी. रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जमध्ये तो मध्यंतरापर्यंतही पोहोचत नाही. शिवाय सिग्नल कमी झाला की ओटीटी अ‍ॅप गुपचूप चित्राचा दर्जा उतरवते. प्रेक्षकाला वाटते आपण एचडी पाहतो आहोत, प्रत्यक्षात पडद्यावर त्याचा चौथा हिस्साही नसतो. डिस्कवरची फाइल असे काही करत नाही. जे चित्र तिच्यात भरले आहे, ते पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तेवढेच राहते. या एका बाबतीत जुना डबा महागड्या जोडणीपेक्षा प्रामाणिक आहे.

पण ‘जे भरले आहे’ हीच खरी मेख आहे. फाइलच्या नावात १०८० असले की चित्र एचडी, असे सर्रास धरले जाते. १९२० गुणिले १०८० हा फक्त चित्रबिंदूंचा हिशेब झाला. डीव्हीडीच्या ७२० गुणिले ५७६ बिंदूंच्या तो बरोबर पाचपट भरतो, हे खरे. पण त्या बिंदूंत काय दिसेल हे ठरते बिटरेटवर, म्हणजे दर सेकंदाला किती माहिती साठवली आहे त्यावर. ब्लू-रे डिस्कवर केवळ चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते. तोच चित्रपट कुणी एका जीबीत दाबून बसवला, तरी नावातले १०८० तसेच राहते.

दाभोशाचा धबधबा या प्रश्नाची उत्तम परीक्षा घेतो. व्हिडिओ दाबून लहान करण्याचे तंत्र एका साध्या गोष्टीवर चालते: मागच्या चौकटीतले, म्हणजे फ्रेममधले, जे बदलले नाही ते पुन्हा साठवायचे नाही. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाचे ओठ आणि पापण्या सोडल्या तर फारसे काही हलत नाही, म्हणून त्याला थोडी माहिती पुरते. जुलैत कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्यात मात्र पुढची चौकट मागचीसारखी कधीच नसते. प्रत्येक थेंब, प्रत्येक तुषार नवा. बिटरेट अपुरा पडला, की मागचा काळा कातळ रेखीव दिसतो आणि त्याच्यापुढचे पाणी चौकोनी ठिगळांचा पांढरा लगदा होते. दोष टीव्हीचा नसतो आणि डब्याचाही नसतो. मोखाडा-जव्हारचा बोहाडा हा उत्सवही असाच अवघड. मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर नाचतात, प्रकाश कमी असतो, आणि कमी प्रकाशात मोबाइलचा कॅमेरा चित्रात बारीक दाणे पेरतो. ते दाणे दर चौकटीत जागा बदलतात. दाबणाऱ्या तंत्राला ती हालचालच वाटते आणि उपलब्ध माहिती मुखवट्याच्या रंगरेषांऐवजी दाण्यांवर खर्च होते.

यातूनच आणखी एक घोटाळा होतो. मोबाइलवर स्वच्छ दिसलेला व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपने मागवून पेन ड्राइव्हवर घेतला आणि मोठ्या पडद्यावर लावला की तो फाटलेला दिसतो, आणि नवा घेतलेला डबा बदनाम होतो. व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ पाठवताना तो पुन्हा दाबते. पाच-सहा इंची पडद्यावर ते खपून जाते, बत्तीस इंचांवर नाही. मूळ चित्र हवे असेल तर तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. २०२२पासून अशी २ जीबीपर्यंतची फाइल जाते. त्याहून चांगला मार्ग म्हणजे फोनला केबल लावून ती थेट उतरवून घेणे.

उलट टोकाचा गैरसमज फोर-के प्लेअरविषयी आहे. डबा फोर-के असला की साधा व्हिडिओही फोर-के होतो, असे दुकानात सांगितले जाते. डबा कमी बिंदूंचे चित्र ताणून पडदाभर पसरवतो, मधले बिंदू अंदाजाने भरतो आणि कडा जरा सफाईदार करतो. मुळात न टिपलेला बारकावा त्यातून येत नाही. पडद्याच्याही मर्यादा आहेत. ‘एचडी रेडी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बत्तीस इंची टीव्हींत १३६६ गुणिले ७६८ बिंदू असतात, म्हणजे फुल एचडीच्या जेमतेम निम्मे. तेही किती दिसतील, हे बसण्याच्या अंतरावर अवलंबून. निरोगी डोळ्याला बत्तीस इंची पडद्यावरचा फुल एचडीचा पूर्ण बारकावा चार-सव्वाचार फुटांच्या आतूनच वेगळा करता येतो, एचडी रेडीचा सहा फुटांच्या आसपास. एवढ्या पडद्यापासून दहा फुटांवर खाटेवर बसणाऱ्याने फोर-के डब्यासाठी जादा पैसे मोजले, तर तो खर्च डोळ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

जुना चित्रपट एचडी असूच शकत नाही, हाही समज चुकीचा आहे, आणि त्याची उलट बाजू फार कुणाच्या लक्षात येत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६चा. तो ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चित्रित झाला होता, आणि तशा फिल्मवर डीव्हीडीत मावेल त्याहून कितीतरी अधिक तपशील असतो. चांगली प्रत शिल्लक असेल आणि ती नव्याने स्कॅन केली, तर कृष्णधवल चित्रपटाची एचडी आवृत्ती अस्सल ठरते. याउलट नव्वदच्या दशकात व्हिडिओ टेपवर चित्रित झालेल्या मालिका, नाटके आणि लग्ने. त्यांत मुळातच ५७६ ओळींपलीकडे काही नाही. व्हीएचएस कॅसेटवर तर तपशील त्याहूनही कमी. अशा चित्रीकरणाला ‘एचडी’ असे लेबल लावले, तर ते फक्त ताणलेले चित्र असते. चित्र किती जुने यापेक्षा ते कशावर टिपले गेले, हे विचारावे.

‘ही फाइल एमकेव्ही आहे, म्हणून चालत नाही, नाव बदलून एमपी४ करा’ हा सल्ला गावोगाव ऐकू येतो. एमकेव्ही आणि एमपी४ ही पेटाऱ्यांची नावे आहेत. आत चित्र, आवाज आणि उपशीर्षके ठेवलेली असतात; पेटाऱ्यावरची चिठ्ठी बदलून आतला माल बदलत नाही. चालणे-न चालणे मुख्यतः ठरते ते आत वापरलेल्या कोडेकवर, म्हणजे चित्र दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीवर. २००३ साली आलेले एच.२६४ आजच्या जवळपास सगळ्या डब्यांना उलगडता येते. २०१३चे एच.२६५, ज्याला एचईव्हीसी म्हणतात, तेवढेच चित्र साधारण निम्म्या जागेत ठेवते, आणि अनेक नवे फोन तेच वापरून चित्रीकरण करतात. त्याआधीच्या डब्यात हे काम करणारे सर्किटच नसते. म्हणून सॉफ्टवेअर अपडेट करून उपयोग होत नाही. आवाज येतो, चित्र काळे राहते किंवा अडखळते. संगणकावर फाइल एच.२६४मध्ये बदलून घेता येते, पण त्या रूपांतरात थोडा दर्जा जातो आणि फाइल फुगते. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आधीच एच.२६४ निवडलेले बरे.

चित्र दिसते पण आवाज नाही, ही तक्रारही नित्याची. कारण बहुतेक वेळा डीटीएस हा ध्वनिप्रकार असतो. त्याच्या परवान्याचे पैसे टाळण्यासाठी अनेक टीव्ही आणि स्वस्त डब्यांतून तो वगळलेला असतो. स्पीकर तपासत बसण्यापेक्षा रिमोटवरून दुसरा ऑडिओ ट्रॅक निवडून पाहावा.

स्मार्ट टीव्ही असेल तर वेगळा प्लेअर लागतो का? टीव्हीचा यूएसबी पोर्ट घरातल्या सगळ्या फाइली चित्र, आवाज आणि उपशीर्षकांसह चालवत असेल, तर अजिबात लागत नाही. हे विक्रेता सांगत नाही. याच्या जोडीने दुसरा भ्रम येतो: अनोळखी नावाचा स्वस्त अँड्रॉइड डबा घेतला की ओटीटीही फोर-केमध्ये दिसेल. चित्रपट सेवा आपले चित्र कुलूपबंद करून पाठवतात आणि डब्याला मान्यता असेल तरच वरचा दर्जा खुला करतात. मान्यता नसलेल्या डब्यावर अनेक सेवा ४८० ओळींच्या पुढे जात नाहीत. डब्यावर फोर-के छापलेले असते आणि तेही खोटे नसते, कारण डिस्कवरची फाइल तो त्या दर्जाने दाखवतोच. ओटीटीवर डाउनलोड करून ठेवलेला चित्रपट पेन ड्राइव्हने डब्यात नेण्याचा प्रयत्नही याच कुलपामुळे फसतो.

केबलविषयी थोडक्यात. सोनेरी टोकांची महाग एचडीएमआय केबल रंग खुलवत नाही. संकेत डिजिटल असतो. तो नीट पोहोचला तर चित्र पूर्ण असते, नाहीतर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा पडतो. दोन मीटरपर्यंत साधी चांगली केबल पुरते. यूएसबी २.० जुने म्हणून अपुरे, हेही खरे नाही. त्याची प्रत्यक्ष गती सेकंदाला दोनशे मेगाबिटच्या पुढे जाते, आणि ब्लू-रेलाही एवढे लागत नाही.

३२ जीबीच्या रिकाम्या पेन ड्राइव्हवर पाच जीबीचा चित्रपट जात नाही, तेव्हा पेन ड्राइव्ह नकली असल्याचा निष्कर्ष काढला जातो. नकली माल बाजारात आहे, पण येथे कारण बहुधा एफएटी३२ ही जुनी मांडणी असते. तिच्यात एक फाइल चार जीबीहून मोठी ठेवता येत नाही. एक्सएफएटी किंवा एनटीएफएस मांडणीत पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला की अडचण जाते. मात्र त्यावरचे सगळे आधी उतरवून घ्यावे, आणि डब्याला ती मांडणी वाचता येते याची खात्री करावी.

मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकोन किंवा निरर्थक अक्षरे दिसली, तर डबा परदेशी म्हणून मराठी येत नाही, असे मानले जाते. कारणे दोन. एक, उपशीर्षकांची फाइल युनिकोडमध्ये, यूटीएफ-८ म्हणून साठवलेली नसते. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर कुठल्याच डब्यावर वाचता येणार नाही. दोन, डब्यात देवनागरी फॉन्ट नसतो किंवा जोडाक्षरे जुळवण्याची सोय नसते, आणि वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. पहिले घरी दुरुस्त होते. दुसऱ्यासाठी कोडी किंवा व्हीएलसी हे मोफत प्लेअर चालवणारा डबा घ्यावा. हे महत्त्वाचे अशासाठी, की या भागातल्या वारली बोलीतील गाण्यांचे वा कथांचे चित्रीकरण बाहेरच्या माणसाला दाखवायचे, तर देवनागरी उपशीर्षकेच उपयोगी पडतात.

विजेविषयीची भीती बरीचशी अनाठायी आहे. डबा साधारण दहा वॉट घेतो, बत्तीस इंची एलईडी टीव्ही तीस ते साठ. दोन्ही मिळून लहान इन्व्हर्टरवर चित्रपट पूर्ण होतो. खरी अडचण हार्डडिस्कची. लहान पोर्टेबल डिस्कलाही फिरायला डब्याच्या यूएसबीतून मिळते त्यापेक्षा जास्त विद्युतप्रवाह लागू शकतो. मग ती टकटक आवाज करते आणि दिसतच नाही. डिस्क बिघडली असे समजून ती दुरुस्तीला नेण्याआधी स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब लावून पाहावा. वीज अचानक गेली तर नुसती वाचली जाणारी डिस्क सहसा सुखरूप राहते. फाइल कॉपी होत असताना वीज गेली, तर एक्सएफएटी मांडणीतील इतर फाइलींनाही धोका असतो. विजा कडाडत असताना बटण बंद करणे पुरेसे नाही. प्लग आणि डिशची तार दोन्ही विजा सुरू होण्याआधीच काढून ठेवावीत.

घरच्या घरी पाहायचे म्हणजे कुठलीही प्रत चालते, हा समज कायद्याला मान्य नाही. चोरून चित्रित केलेल्या प्रती तयार करणे आणि पसरवणे यासाठी सिनेमॅटोग्राफ कायद्यातील २०२३च्या दुरुस्तीनुसार तीन महिने ते तीन वर्षे कैद आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. पेन ड्राइव्हमध्ये चित्रपट ‘भरून देणारे’ दुकानही कॉपीराइट कायद्यातून सुटत नाही. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो, म्हणून दादासाहेब फाळक्यांचा १९१३चा ‘राजा हरिश्चंद्र’ आज सर्वांना मोकळा आहे. स्वतः केलेले चित्रीकरण तर स्वतःचेच.

आणि डिस्कवर ठेवले म्हणजे कायमचे जपले, हा शेवटचा गैरसमज. हार्डडिस्क पूर्वसूचना न देता बंद पडते, कपाटात पडून राहिलेला पेन ड्राइव्ह काही वर्षांत माहिती विसरू शकतो, आणि सह्याद्रीच्या पावसाळ्यातील दमट हवेत डीव्हीडीवर बुरशी चढते. बोहाड्याचे, तारपा या वाद्यावरच्या नाचाचे किंवा घरच्या लग्नाचे चित्रीकरण असेल, तर मूळ फाइल न दाबता दोन वेगळ्या डिस्कवर ठेवावी, त्यांतली एक दुसऱ्या घरात असावी, आणि वर्षातून एकदा दोन्ही लावून पाहाव्यात.