सावलीतली दरड आणि आपले समज

डोंगर कापून घर बांधलं की मागे दरड राहतेच. कोकणात तर वर आंबा-फणसाची गर्द सावली आणि खाली जांभ्याची तांबडी माती. तिथे फारशी देखभाल न लागणारं काय लावावं, याबद्दल ठामपणे मिळणारे सल्ले बहुतेक वेळा उतारापेक्षा सपाट बागेचे असतात.

सावलीत ओल टिकते, हा त्यातला सर्वांत महागात पडणारा समज. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उतारावरून पाणी वाहून जातं, उरलेलं मोठ्या झाडांची मुळं पितात. एप्रिलमध्ये तीच जागा कोरडी ठणठणीत असते. रोपाला सावलीबरोबर ही कोरडही सोसायला हवी.

उतार म्हटला की वाळा सुचवतात. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, हे खरंच. पण वाळ्याला ऊन लागतं. फणसाखाली तो विरळ होत जातो. लॉनचंही तेच. पिवळ्या फुलांचं वेडेलिया मात्र झपाट्याने पसरतं, म्हणून रोपवाटिकावाले हमखास देतात. ते घेऊ नका. आययूसीएनच्या जगातल्या शंभर उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत ते आहे, आणि कांडीगणिक मुळं फुटत शेजारच्या रानात शिरतं.

त्यापेक्षा रानात सावलीखाली काय तगून आहे ते पाहा. पेव ही माझ्या मते अशा दरडीसाठी उत्तम वनस्पती. पावसाच्या तोंडावर कंदातून कोंब येतो, खोडाभोवती पानं गोल जिन्यासारखी चढत जातात आणि श्रावणात टोकाच्या लाल कणसातून सुरकुतलेली पांढरी फुलं उमलतात. पुढे खोड वाळतं, कंद जमिनीत जिवंत राहतात; उन्हाळ्यात पाणी घालावं लागत नाही. रानडुकरांचा वावर असेल तर कंद उकरले जातात, तेवढं लक्षात ठेवावं. दगडांच्या फटीत आपसूक उगवलेले नेचे उपटू नयेत. बारमाही हिरवळ हवी असेल तर स्नेक प्लांट किंवा ऱ्हिओ. घाटमाथ्यावर कारवी शोभते. सात-आठ वर्षांनी फुलून ती मरते, तेव्हा बी तिथेच पडू द्यावं.

स्वच्छतेच्या नावाखाली पातेरा झाडून काढणं हे तर नुकसानच. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटून तिचे कण सुटे करतो. पातेरा तो मार स्वतःवर घेतो. वरून नवी माती ओतणंही टाळा: ती वाहून जाते, आणि राहिली तर जुन्या झाडांची मुळं गुदमरतात.

झाडं लावली की दरड कोसळणार नाही, असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ही लहान रोपं वरची माती धरतात, खोलवर सरकणारा डोंगर नाही. उताराला भेगा पडल्या असतील, झाडं कलली असतील, तर आधी जाणकार अभियंत्याला दाखवा.

लागवड एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, जुलैच्या झोडपणीआधी करावी. रांगा उताराला आडव्या, एका रांगेतल्या फटीखाली दुसऱ्या रांगेतलं रोप. प्रत्येकाच्या खालच्या अंगाला जांभ्याचे दोन दगड, वर पातेरा. देखभाल कमी म्हणजे शून्य नव्हे: बारमाही रोपांना पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा तरी पाणी द्यावं लागतं.