श्रम आणि कार्य

रेल्वेच्या फलाटावर हमाल ५० किलोग्रॅमचे पोते डोक्यावर घेऊन १०० मीटर चालत जातो. त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या असतात, कपाळावरून घाम निथळत असतो. परंतु सपाट फलाटावर एकसारख्या वेगाने चालत असता त्याने पोत्यावर किती कार्य केले, असे पदार्थविज्ञानास विचारले, तर उत्तर येते : शून्य! हे उत्तर प्रथमदर्शनी अन्यायाचे वाटते. ते नीट समजण्यासाठी ‘कार्य’ ही कल्पना या शास्त्रात कशी आली, हे पाहिले पाहिजे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यातल्या खोल खाणींत साचणारे पाणी वाफेच्या यंत्रांनी उपसावे लागे. यंत्र किती धडधडते याच्याशी खाणमालकास कर्तव्य नव्हते. ठरावीक कोळशात किती पाणी किती उंच चढले, एवढेच तो पाही. जेम्स वॉट व मॅथ्यू बोल्टन हे भागीदार जुन्या यंत्रांच्या मानाने जो कोळसा वाचे, त्याच्या किमतीचा एक-तृतीयांश भाग मोबदला म्हणून घेत. तेव्हा काटेकोर माप आवश्यकच होते. दुप्पट पाणी तितकेच उंच नेणे आणि तितकेच पाणी दुप्पट उंच नेणे ही सारखीच कामगिरी. म्हणून भार व उंची यांचा गुणाकार हे माप ठरले. पुढे १८२९ साली कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने बल आणि बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकारास ‘कार्य’ या अर्थाचे नाव दिले.

आता हमालाकडे वळू. चालताना पोते किंचित खालीवर होते, ते सोडून दिले, तर त्याचे बल पोत्यास वर तोलून धरते आणि पोते सरकते ते पुढे. बलाच्या दिशेने विस्थापन नाही, म्हणून कार्यही नाही. तेच पोते त्याने २ मीटर उंच चढविले की हिशेब बदलतो. पोत्याचे वजन सुमारे ४९० न्यूटन. त्यास २ मीटरने गुणले असता ९८० ज्यूल कार्य होते. हमालाने ४ मीटर लांबीची तिरपी फळी लावून पोते वर ढकलले, तर घर्षण वगळता २४५ न्यूटन बल पुरते. परंतु अंतर दुप्पट होते व कार्य ९८० ज्यूलच राहते. फळीने बल वाचते, कार्य वाचत नाही.

मग सपाट फलाटावर हमाल दमतो का? मेज तेच पोते वर्षभर न थकता तोलून धरील. सजीव स्नायूंचे तसे नाही. ताण टिकविण्यासाठी त्यांतील सूक्ष्म तंतूंना सतत आकुंचन पावावे लागते. त्यात अन्नापासून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता बनते. हमालाचा घाम खराच आहे. फक्त ती ऊर्जा पोत्यास मिळालेली नसते.

म्हणून असे उदाहरण समोर आले की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : बल कोणते? ते कोणत्या वस्तूवर लागते? आणि त्या बलाच्या दिशेने वस्तू किती सरकली? या प्रश्नांतून पोत्यावर झालेले कार्य कळेल. हमालाची मजुरी मात्र या गुणाकाराने ठरविता येणार नाही.