शीतकपाटाखालचे पाणी

मुलांनो, ही गेल्या आषाढातील गोष्ट आहे. सकाळी उठून पाहतो, तो स्वयंपाकघरातील फ्रीजखाली पाणी साचलेले! ते पुसून काढले, तरी सायंकाळी पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी त्या ओल्या फरशीवरून आजीचा पाय घसरला. ओट्याचा आधार मिळाला म्हणून इजा टळली. "यंत्र जुने झाले, नवे घ्या," असा सल्ला शेजाऱ्यांनी दिला. परंतु माझ्या नातीने निराळाच प्रश्न विचारला : "आजोबा, फ्रीजमध्ये पाणी तर कोणीच ओतले नाही, मग हे आले कोठून?"

प्रश्न मार्मिक होता. हे पाणी आले हवेतून. थंड पाण्याने भरलेल्या तांब्याच्या बाहेरील अंगावर थेंब जमतात, हे तुम्ही पाहिले असेल. हवेत बाष्प असते आणि हवा थंड झाली की ते तिच्यात मावेनासे होते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत फार तर सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावते. ५ अंशांवर सुमारे ७ ग्रॅमच. आपण फ्रीजचे दार उघडतो, तेव्हा बाहेरची दमट हवा आत शिरते व तिच्यातील बाष्प थंड भिंतीवर थेंबांच्या किंवा हिमाच्या रूपाने जमते. पावसाळ्यात हे पाणी अधिक असते, यात नवल नाही.

या पाण्याची वाट यंत्र बनविणाऱ्यांनी आधीच योजून ठेवलेली असते. आमच्या फ्रीजमध्ये मागील भिंतीवरील हिम वितळून खालच्या लहानशा पन्हळीत उतरते. पन्हळीच्या मध्यभागी एक छिद्र असते. तेथून पाणी नळीवाटे मागील बाजूच्या तबकात पडते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने तेथेच वाळून जाते. म्हणून एरवी ते आपल्या दृष्टीस पडत नाही. पण कौलारू घराच्या पन्हळीत पाचोळा अडकला की पाणी भलतीकडे वाहू लागते, तसेच येथेही होते. छिद्र बुजले की पाणी भाजीच्या खणाखाली साचते व दारातून बाहेर ओघळते.

आम्ही प्रथम विजेचे बटण बंद करून प्लग काढला. ओली फरशी आणि वीज यांची गाठ प्राणघातक ठरू शकते. म्हणून हात कोरडे करून, कोरड्या जागी उभे राहून, हे काम मोठ्या माणसानेच करावे. आजीच्या इन्शुलिनच्या कुप्या तेवढा वेळ शेजारच्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मग खण बाहेर काढून पाहतो, तो छिद्रात कोथिंबिरीची एक काडी अडकलेली! ती हलकेच काढून पिचकारीने थोडे कोमट पाणी सोडले. ते मागील तबकात उतरू लागले, तेव्हा वाट मोकळी झाल्याची खात्री पटली. तबकही धुऊन पुसले.

काही फ्रीजमध्ये हे छिद्र बर्फाच्या कप्प्यातील आवरणामागे असते. ते गोठले तर कप्प्याच्या तळाशी बर्फाचा थर साचतो. अशा वेळी फ्रीज बंद करून, दार उघडे ठेवून, तो थर आपोआप वितळू द्यावा. सुरीने किंवा उलथन्याने तो कधीही खरवडू नये. आतील नळीस भोक पडले तर वायू निघून जातो, आणि काही यंत्रांतील वायू ज्वालाग्राहीही असतो. आवरण उघडणे हे जाणत्या कारागिराचेच काम होय.

दाराची रबरी पट्टी सैल झाली, तरीही दमट हवा आत शिरते. कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावे. ती सहज निसटली, तर रबर पुसून स्वच्छ करावे अथवा बदलावे. गरम पदार्थ निववूनच आत ठेवावेत, पातळ पदार्थांवर झाकण घालावे आणि भाजी निवडून ठेवावी.

तीन दिवस आम्ही केवळ पाणी पुसत होतो. ते कोठून येते हे नातीने विचारले, तेव्हा कोठे दोष सापडला. आणि तो होता एका काडीएवढा!