पिवळे पीठ

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्यापाराच्या व सरकारी रसदीच्या कागदांत ‘इंडियन मील’ हा जिन्नस आढळला, म्हणजे आपल्याकडील वाचकास हिंदुस्थानातून गेलेल्या एखाद्या धान्याचा भास व्हावा हे स्वाभाविक आहे. परंतु ते मक्याचे भरड पीठ होय, आणि त्यातील ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी, ज्यांच्यापासून गोऱ्या वसाहतवाल्यांनी हे धान्य पेरण्याची व रांधण्याची विद्या घेतली. सगळी विद्या मात्र त्यांनी घेतली नाही. मेक्सिकोकडील बायका मका चुन्याच्या निवळीत उकळून, त्याची साले सोडवून मग वाटीत, आणि त्यामुळे त्यातील एक अत्यावश्यक जीवनसत्त्व अंगी लागे. हा संस्कार युरोपात पोचला नाही, आणि मक्यावरच गुजराण करणाऱ्या उत्तर इटलीतील शेतकऱ्यांच्या कातडीवर जो रोग उमटला, त्यास 1771 मध्ये ‘पेलाग्रा’ हे नाव छापून मिळाले.

आयर्लंडात 1845 साली बटाटा कुजला, तेव्हा पंतप्रधान रॉबर्ट पील याने बेअरिंग पेढीमार्फत अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका गुप्तपणे खरेदी केला. पुढील वर्षी तो कॉर्क बंदरी उतरला खरा, पण दाणा इतका टणक, की ओट दळणाऱ्या तिथल्या चक्क्यांना तो आटोपेना. भट्टीत वाळवावा, निवू द्यावा, मग दोनदा दळावा, तेव्हा कोठे तो खाण्याजोगा होई. सरकारी वखारींतून तो पौंडास एक पेनी दराने विकला जाऊ लागला, आणि बटाट्यावाचून दुसरे अन्न न जाणणाऱ्या माणसांनी तो अर्धाकच्चा खाल्ला. पोटात मुरडा उठला, आणि रंग व गुण दोन्ही ध्यानात घेऊन त्यांनी त्यास ‘पीलचे गंधक’ म्हटले. हे नाव कडवट असले तरी अन्यायाचे होते असे मला वाटत नाही.

खजिन्याचा कारभारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन, जो पूर्वी कंपनी सरकारच्या चाकरीत होता आणि 1859 मध्ये मद्रासचा गव्हर्नर होऊन परत आला, त्याची भिस्त दयेपेक्षा बाजाराच्या नियमांवर अधिक होती. तरीही 1847 च्या उन्हाळ्यात सरकारी अन्नछत्रांतून दररोज सुमारे तीस लाख माणसांस अन्न मिळे, आणि त्यात मुख्यतः हेच पीठ तांदळासह शिजवून केलेली घट्ट लापशी असे. बटाट्याबरोबर गेलेले क जीवनसत्त्व तिने भरून निघाले नाही, व स्कर्व्ही हा रोग फैलावला. पण तोवर लोक ते पीठ नीट शिजवावयास शिकले होते. आयरिश भाषेत त्याचे नाव नुसते ‘पिवळे पीठ’ असे रूढ झाले, आणि पश्चिमेकडील गरीब घरांत ते दुष्काळ ओसरल्यावरही कित्येक दशके रोजचे अन्न होते.