'स्मरणार्थ' लिहिताना...

कोलकात्याला गेलेला प्रवासी व्हिक्टोरिया मेमोरियल पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. व्हिक्टोरिया राणीचे निधन १९०१ मध्ये झाले आणि तिच्या स्मरणार्थ उभारलेली ही संगमरवरी वास्तू १९२१ मध्ये खुली झाली. 'स्मरणार्थ' हा शब्द असा दिवंगतांसाठीच वापरतात. व्यक्ती हयात असेल तर 'सन्मानार्थ' किंवा 'गौरवार्थ' लिहावे.

'अर्थ' म्हणजेच 'साठी'. त्यामुळे 'स्मरणार्थासाठी' लिहिणे चूक. 'आईच्या स्मरणार्थ शाळेला पुस्तके दिली' एवढे पुरे.

'स्मृती' हा शब्द एकटा आला की दीर्घ: 'आजोबांची स्मृती आम्ही जपली आहे.' समासात आधी आला की मात्र ऱ्हस्व: स्मृतिदिन, स्मृतिचिन्ह, स्मृतिप्रीत्यर्थ. पत्रिकांवर पुष्कळदा दिसणारे 'स्मृतीप्रीत्यर्थ' अशुद्ध आहे.

या शब्दाइतकेच त्याआधी येणाऱ्या नावाला महत्त्व असते. कोलकात्याच्या मैदानावरील उंच मनोरा १८२८ मध्ये इंग्रज सेनानी डेव्हिड ऑक्टरलोनी यांच्या स्मरणार्थ बांधला गेला. १९६९ मध्ये तो स्वातंत्र्यलढ्यातील हुतात्म्यांच्या स्मृतीला अर्पण करण्यात आला आणि 'शहीद मिनार' झाला. मनोरा तोच, नाव बदलले आणि अर्थही!

वडिलांच्या नावाने एखादे बाक किंवा पाणपोई देणार असाल, तर मजकूर कोरायला देण्यापूर्वी दोनदा वाचून घ्या. कागदावरची चूक खोडता येते. दगडावरची नातवंडेही वाचतात.